सिंकोना

कदंबाच्या कुलातील (रुबिएसी) एका सदाहरित वृक्षप्रजातीचे हे नाव असून तिच्या काही जातींची अतिशय कडू साल सुमारे तीन शतके हिवतापावरचे प्रमुख औषध होती. मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचे दमट उतार. पेरूच्या राजचिन्हावर हा वृक्ष आहे. सतराव्या शतकात जेझुइट धर्मगुरूंमार्फत ही साल यूरोपात पोहोचली. पेरूच्या स्पॅनिश व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, या सालीने बरी झाली, ही कथा निराधार ठरली. मात्र त्या कथेवरून लिनीअसने १७४२ मध्ये दिलेले नाव, त्यातल्या अक्षराच्या चुकीसह, टिकले.

सालीतील मुख्य अल्कलॉइड (वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त क्रियाशील द्रव्य) म्हणजे क्विनीन, मराठीत रुळलेले ‘कोयनेल’. ते १८२० मध्ये पॅरिसमध्ये पेल्त्ये व काव्हाँतू यांनी वेगळे केले. हिवतापाचे परजीवी तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन पचवताना उरणारे हीम हे विषारी लोहयुक्त द्रव्य स्फटिकरूपात साठवून निरुपद्रवी करतात. क्विनीन या क्रियेत अडथळा आणते, असे मानले जाते. मात्रा वाढल्यास कानांत गुणगुण व चक्कर येते.

१८६० नंतर इंग्रजांनी निलगिरीत आणि दार्जिलिंगजवळ मंगपू येथे लागवड केली. महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यातील प्रयोग मात्र तगला नाही. निलगिरीत तेथील उद्यान-अधीक्षक मॅकआयव्हर याने झाड न तोडता सालीचे पट्टे काढून उघडे खोड शेवाळाने झाकण्याची पद्धत काढली. झाकलेल्या जागी नवी साल धरते, आणि तीत अल्कलॉइडांचे प्रमाणही वाढते.

याहून निर्णायक ठरले बोलिव्हियातील बियाणे. आयमारा जमातीच्या मान्वेल इंक्रा मामानी याने गोळा केलेले हे बी चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्यामार्फत १८६५ मध्ये डचांना मिळाले. त्यातून डचांच्या ताब्यातील जावा बेटावर वाढलेल्या झाडांच्या सालीत क्विनीन इतके भरपूर निघाले, की दुसऱ्या महायुद्धापूर्वी जगाचा बहुतेक पुरवठा तेथूनच होई. जातीला नाव मिळाले लेजरचे; मामानी याला बियाण्यापायी तुरुंगवास व मारहाण सोसावी लागली आणि त्यातच त्याचा अंत झाला. सिंकोनाच्या इतिहासात त्याचे नाव लेजरच्या बरोबरीने यावयास हवे.

कडवटपणामुळे ही साल काही यूरोपीय मद्यांतही घालतात. टॉनिक वॉटर या क्विनीनयुक्त फसफसत्या पेयाचे पहिले पेटंट लंडनमध्ये १८५८ मध्ये घेतले गेले. आजच्या टॉनिकमधील क्विनीन केवळ चवीपुरते असते. अमेरिकेत त्याची मर्यादा दशलक्ष भागांत ८३ भाग आहे. तरीही अतिनील प्रकाशात ते पेय निळसर चमकते.