क्रिएशन सायन्स आणि इंटेलिजंट डिझाइन: एक चुकीचं, दुसरं कोरं

अमेरिकेतल्या सरकारी शाळांत उत्क्रांती शिकवण्यावरून वाद पेटला की दोन नावं हमखास कानावर येतात. एक क्रिएशन सायन्स, म्हणजे बायबलमधली निर्मिती विज्ञान म्हणून मांडणारं मत; दुसरं इंटेलिजंट डिझाइन, म्हणजे सजीवांमागे कोणी बुद्धिमान रचनाकार आहे असं सांगणारं मत. बातम्यांत ती सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. विरोधक म्हणतात, माणूस तोच, फक्त कपडे बदललेत. समर्थक म्हणतात, दोन्हींचा काडीचा संबंध नाही. पहिला बायबलचा विषय, दुसरा शुद्ध जीवशास्त्राचा. मला दोघांचंही म्हणणं अर्धंच पटतं. दोन्हींचं कूळ एक आहे आणि त्याचा कागदोपत्री पुरावा न्यायालयात सादर झालेला आहे. पण त्यांचे दावे खरोखरच वेगळे आहेत. म्हणूनच विज्ञानाच्या तासाला त्यांना जागा का नाही, याची कारणंही वेगवेगळी आहेत. ज्यांची मुलं तिथल्या सरकारी शाळांत शिकतात अशा मराठी आईवडलांना स्कूल बोर्डाच्या, म्हणजे स्थानिक शाळा चालवणाऱ्या निर्वाचित मंडळाच्या सभेत हा फरक कधीही लागू शकतो, म्हणून तो नीट मांडायला हवा.

आधी थोडी पार्श्वभूमी. टेनेसी राज्यात उत्क्रांती शिकवण्यावर कायद्यानेच बंदी होती. 1925 साली डेटन गावातल्या जॉन स्कोप्स या शिक्षकाला त्यासाठी 100 डॉलर दंड झाला. पुढे तो तांत्रिक कारणावरून रद्द झाला, पण कायदा 1967 पर्यंत टिकला. 1968 मध्ये आर्कान्सामधल्या जीवशास्त्राच्या शिक्षिका सुझन एपर्सन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा बंद्या घटनाबाह्य ठरवल्या. तिथली राज्यघटना सरकारला कोणताही धर्म पुरस्कृत करू देत नाही आणि सरकारी शाळा म्हणजे सरकारच. खाजगी किंवा चर्चच्या शाळांना हे बंधन नाही, म्हणून हा सगळा झगडा सरकारी शाळांपुरता आहे.

बंदी घालता येत नाही म्हटल्यावर मागणी बदलली. उत्क्रांती शिकवा, पण तिच्या बरोबरीने आमचंही शिकवा. मात्र ‘आमचं’ धर्म म्हणून चालणार नव्हतं, त्यामुळे ते विज्ञान म्हणून पुढे आलं. हेच क्रिएशन सायन्स. आर्कान्साच्या 1981 च्या कायद्यात, म्हणजे अ‍ॅक्ट 590 मध्ये, त्याची व्याख्याच दिलेली आहे. विश्व आणि जीवन शून्यातून एकाएकी निर्माण झालं. प्राण्यांचे मूळ प्रकार ठरलेले आहेत आणि बदल त्या मर्यादेतच होतो. माणूस आणि वानर यांचे पूर्वज वेगळे. पृथ्वीवरचे खडकांचे थर समजून घ्यायचे ते महाप्रलयासारख्या उत्पातांवरून. आणि पृथ्वी व सजीव हे सगळं तसं अलीकडचं आहे.

ही विधानं नेमकी आहेत, आणि हाच क्रिएशन सायन्सचा खरा गुण म्हणायला हवा. ती तपासता येतात. पृथ्वी काही हजार वर्षांची असेल तर खडकांतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांनी तसं सांगायला हवं. ती सांगतात सुमारे 454 कोटी वर्षं. सगळे थर एका प्रलयात साचले असतील तर त्यांच्या मधोमध कोरड्या वाळवंटाच्या खुणा सापडता कामा नयेत. पण ग्रँड कॅन्यनमधला कोकोनिनो वालुकाश्म हा बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते वाऱ्याने रचलेल्या टेकड्यांचा आहे आणि त्यावर चालत गेलेल्या प्राण्यांच्या पाऊलखुणा आहेत. खरं तर हा निकाल डार्विनच्याही आधी लागला होता. केंब्रिजचे भूशास्त्रज्ञ अ‍ॅडम सेजविक हे स्वतः धर्मोपदेशक. खडकांवरच्या खुणा बायबलमधल्या प्रलयाच्या आहेत असं ते आधी मानत. 1831 साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष या नात्याने भाषण करताना त्यांनी ते मत जाहीरपणे मागे घेतलं. पुरावा समोर आला आणि श्रद्धाळू माणसाने तो मान्य केला, याबद्दल मला सेजविकांविषयी फार आदर वाटतो.

आर्कान्साचा कायदा न्यायालयात गेला तेव्हा फिर्यादींमध्ये पाद्री आणि बिशप मोठ्या संख्येने होते. खटल्याला नावही बिल मॅक्लीन या मेथडिस्ट पाद्रींचंच आहे. 5 जानेवारी 1982 रोजी न्यायाधीश विल्यम ओव्हर्टन यांनी कायदा रद्द केला. विज्ञान कशाला म्हणायचं याच्या पाच कसोट्या त्यांनी दिल्या: ते निसर्गनियमांना धरून चालतं, त्यांच्याच आधारे स्पष्टीकरण देतं, अनुभवाने तपासता येतं, त्याचे निष्कर्ष अंतिम नसतात आणि ते खोटं ठरण्याची शक्यता खुली असते. क्रिएशन सायन्स यांत बसत नाही, असं त्यांनी म्हटलं. यावर विज्ञानाचे तत्त्वज्ञ लॅरी लॉडन यांनी घेतलेला आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. लॉडन स्वतः निर्मितिवादी मुळीच नव्हते. त्यांचं म्हणणं असं की पृथ्वीचं वय, प्रलय हे दावे तपासता येतच नाहीत असं म्हणणं चूक आहे. ते तपासले गेलेत आणि खोटे निघालेत. वर्गात नको ते याच कारणासाठी. कायद्याच्या दृष्टीने ओव्हर्टन यांचा निकाल योग्यच होता, पण विद्यार्थ्याला समजावताना मी लॉडन यांची वाट धरीन.

लुइझियानाचा तसाच कायदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि 1987 मध्ये 7 विरुद्ध 2 मतांनी रद्द झाला. 72 नोबेलविजेत्या शास्त्रज्ञांनी त्या खटल्यात निवेदन दिलं होतं. सरकारी शाळांपुरता क्रिएशन सायन्सचा रस्ता तिथे बंद झाला.

इंटेलिजंट डिझाइन हे त्यानंतर पुढे आलं. सिअ‍ॅटलची डिस्कव्हरी इन्स्टिट्यूट ही त्याची मुख्य संस्था. सजीवांमधल्या काही रचना इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की त्या नैसर्गिक निवडीतून टप्प्याटप्प्याने घडणं शक्य नाही, तेव्हा त्यामागे कोणीतरी बुद्धिमान रचनाकार असला पाहिजे, असा हा युक्तिवाद. रचनाकार कोण? ते सांगत नाहीत. रचना कधी झाली, कशी झाली? तेही नाही. पृथ्वीचं वय किती? यावर भूमिका नाही. या मताचे सर्वांत नावाजलेले जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांना पृथ्वी अब्जावधी वर्षांची आहे हे मान्य आहे, माणूस आणि वानर यांचे पूर्वज एक आहेत हेही मान्य आहे. म्हणजे अ‍ॅक्ट 590 मधली निम्मी कलमं बीहीच खोडून टाकतील. उलट त्याच संस्थेच्या वर्तुळात पृथ्वी काही हजार वर्षांची मानणारेही आहेत. दोघं एकाच छत्राखाली राहू शकतात, कारण छत्रच काही बोलत नाही.

फरक इथे आहे. एका मुलाने उत्तरपत्रिकेत चुकीची उत्तरं लिहिली आणि दुसऱ्याने ती कोरीच दिली, तर गुण दोघांनाही मिळत नाहीत. पण पहिल्याचं निदान काय चुकलं ते दाखवता येतं. इंटेलिजंट डिझाइन वरवर जास्त सभ्य, जास्त आधुनिक वाटतं. विज्ञान म्हणून ते क्रिएशन सायन्सपेक्षाही पातळ आहे. काय सापडलं तर रचनाकार नव्हता असं मानायचं, हे ते सांगतच नाही.

बीहींचा एक मुद्दा मात्र तपासता येण्याजोगा होता. जिवाणूला पोहायला मदत करणाऱ्या कशाभिकेचा एक जरी भाग काढला तरी ती निकामी होते, म्हणून ती सुट्या भागांतून हळूहळू घडलेली असू शकत नाही, असं ते म्हणत. पण कशाभिकेच्या तळाशी असलेल्या प्रथिनांशी नातं असलेली प्रथिनं प्लेगच्या जिवाणूसारख्या काही जिवाणूंत वेगळंच काम करतात. दुसऱ्या पेशीत विष टोचायला ती वापरली जातात. थोडक्यात, कमी भागांची यंत्रणाही उपयोगी असते, फक्त उपयोग निराळा. आणि समजा बीहींचा मुद्दा टिकला असता, तरी त्यातून ‘हे अजून समजलेलं नाही’ एवढंच निघालं असतं, रचनाकार निघाला नसता.

हे सगळं पेन्सिल्व्हेनियातल्या डोव्हर या छोट्या गावात कसाला लागलं. 2004 च्या ऑक्टोबरात तिथल्या स्कूल बोर्डाने 6 विरुद्ध 3 मतांनी ठराव केला. नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचायचं ठरलं: डार्विनच्या सिद्धांतात त्रुटी आहेत, इंटेलिजंट डिझाइन हे दुसरं स्पष्टीकरण आहे आणि त्यासाठी ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक उपलब्ध आहे. शिक्षकांनी ते वाचायला सरळ नकार दिला. आपण विज्ञान म्हणून जे शिकवू ते विज्ञान असलं पाहिजे, ही त्यांची भूमिका होती, आणि या प्रकरणातली माझ्या मते सर्वांत धैर्याची कृती तीच. शेवटी प्रशासनातल्या अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन निवेदन वाचलं. 11 पालक न्यायालयात गेले.

खटल्यात त्या पुस्तकाचे जुने मसुदे मागवले गेले. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक बार्बरा फॉरेस्ट यांनी ते लावून दाखवले. 1987 च्या निकालाआधीच्या मसुद्यांत सगळीकडे क्रिएशन होतं. निकालानंतर सुमारे 150 ठिकाणी ते जाऊन इंटेलिजंट डिझाइन आलं. व्याख्या मात्र जवळजवळ तीच राहिली: सजीवांचे प्रकार एकाएकी, माशांना पर आणि खवले, पक्ष्यांना पिसं आणि चोच अशा तयार अवस्थेतच अवतरले. एका मसुद्यात तर घाईघाईत केलेला बदल अर्धवट राहून ‘क्रिएशनिस्ट्स’ची सुरुवात आणि शेवट नव्या शब्दांना दोन्ही बाजूंनी चिकटलेले होते. कूळ एक आहे म्हटलं ते याच्या आधारावर. दावे पातळ केले गेले ते नवा पुरावा मिळाला म्हणून नव्हे, निकाल विरोधात गेला म्हणून.

बीही बोर्डाच्या बाजूचे साक्षीदार होते. उलटतपासणीत त्यांच्यासमोर रोगप्रतिकारशक्तीच्या उत्क्रांतीवरचे 58 शोधनिबंध आणि काही पुस्तकं ठेवली गेली. ती पुरेशी नाहीत, असं ते म्हणाले. विज्ञानाची त्यांची स्वतःची व्याख्या लावली तर फलज्योतिषही त्यात बसेल, हेही त्यांना मान्य करावं लागलं. दुसऱ्या बाजूने साक्ष दिली ती केनेथ मिलर यांनी. ते पेशीशास्त्रज्ञ आणि श्रद्धावान कॅथलिक. त्यांनी मांडलेलं उदाहरण मला प्रत्येक दहावीच्या मुलाला सांगावंसं वाटतं. मोठ्या वानरांमध्ये गुणसूत्रांच्या 24 जोड्या, माणसात 23. पूर्वज एकच असतील तर एक जोडी नुसती गायब होऊ शकत नाही. माणसाच्या कुठल्यातरी गुणसूत्रात दोन गुणसूत्रं जोडली गेल्याची खूण सापडलीच पाहिजे. न सापडली तर सिद्धांत अडचणीत. खूण सापडली, माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात: एरवी टोकाशी असणारा डीएनएचा क्रम तिथे मधोमध आहे. उत्क्रांतीने स्वतःला असं पणाला लावलं. रचनाकाराने 23 केल्या असत्या किंवा 24, इंटेलिजंट डिझाइनला दोन्ही चालतं.

20 डिसेंबर 2005 रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी 139 पानांचा निकाल दिला: इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही आणि सरकारी शाळेत ते शिकवणं घटनाबाह्य आहे. जोन्स यांची नेमणूक रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केलेली, त्यामुळे हा निकाल विशिष्ट पक्षाचा म्हणून झटकता येत नाही. त्याआधीच नोव्हेंबरच्या निवडणुकीत ठरावाचे समर्थक हरले होते, आणि नव्या बोर्डाने अपील केलं नाही. इथे अनेकांचा गोंधळ होतो. क्रिएशन सायन्सवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि तो देशभर लागू आहे. इंटेलिजंट डिझाइनवर तसा नाही. डोव्हरचा निकाल काटेकोरपणे पाहिलं तर पेन्सिल्व्हेनियाच्या मध्य भागापुरताच बंधनकारक आहे. म्हणून वाद संपलेला नाही. लुइझियाना (2008) आणि टेनेसी (2012) यांच्या कायद्यांत ना निर्मितीचा उल्लेख आहे ना रचनाकाराचा; उत्क्रांतीसारख्या विषयांची ‘चिकित्सा’ करायला शिक्षकांना मुभा, एवढंच आहे.

‘दोन्ही बाजू ऐकवा, मुलं ठरवतील’ हे वाक्य न्यायाचं वाटतं, म्हणून ते इतकं टिकतं. पण विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात जागा मिळवायची एक रीत आहे: संशोधन करायचं, ते इतर तज्ज्ञांच्या तपासणीतून पार पाडायचं, वर्षानुवर्षं टिकवायचं, मग ते पंधरा वर्षांच्या मुलापर्यंत येतं. स्कूल बोर्डात बहुमत मिळवून थेट वर्गात शिरणं म्हणजे बाकी सगळ्या सिद्धांतांना लागू असलेल्या रांगेतून सूट मागणं. बायबलमधली निर्मितिकथा धर्मांच्या तौलनिक अभ्यासात किंवा साहित्यात शिकवायला अमेरिकेत कुणाची आडकाठी नाही, आणि ती तिथे चांगली शिकवावी असंच मला वाटतं.

आपल्याकडे हा वाद या रूपात आला नाही, पण त्याचा वारा लागून गेला. जानेवारी 2018 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे आणि तो अभ्यासक्रमातून बदलायला हवा. वानराचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. देशातल्या तिन्ही राष्ट्रीय विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं आणि वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्यांना अशी विधानं टाळायला सांगितलं. पुढे अभ्यासक्रमाचा भार कमी करताना एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळला. 2023 मध्ये 1800 हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं. तिथे पर्यायी सिद्धांत कुणी आणला नव्हता, जागा फक्त रिकामी झाली. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या 2018 साली आलेल्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये मात्र पहिलंच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. अकरावीला कला किंवा वाणिज्य घेणाऱ्या मुलामुलींसाठी शाळेतली उत्क्रांतीशी ती शेवटची भेट असते.