पित्त झालं की पित्त उठलं?

आईच्या फाइलवर लाल पेनाने लिहिलं होतं: 'डायक्लोफेनॅक: अ‍ॅलर्जी'. परवा गुडघेदुखीसाठी गेलो तेव्हा नव्या डॉक्टरांनी विचारलं, "काकू, नेमकं काय झालं होतं?"

"पित्त झालं."

"पोटात, की अंगावर?"

"घशाशी आंबट आलं. अंगावर कशाला येईल?"

आपल्याकडे जळजळीलाही पित्त म्हणतात आणि अंगावर उठणाऱ्या गांधींनाही. पण पहिला साइड इफेक्ट, दुसरी बहुधा अ‍ॅलर्जी. डायक्लोफेनॅक शरीरातली जी द्रव्यं कमी करून दुखणं थांबवतं, तीच जठराचं अस्तरही जपतात. म्हणजे जळजळ औषधाच्या कामातूनच येते. डोस कमी करून, जेवणानंतर घेऊन किंवा औषध बदलून मार्ग निघतो. (शी डांबरासारखी काळी झाली तर मात्र गोळी बंद करून लगेच दाखवायचं. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण घरी बसून तर्क लढवू नये.)

अ‍ॅलर्जीत शरीराची संरक्षणयंत्रणा औषधालाच शत्रू समजते. तिथे डोस कमी करून भागत नाही, अर्धी गोळीही पुरते. खाज, गांधी, सुजलेले ओठ, धाप हे बऱ्याचदा काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत दिसतं, आणि पुढच्या वेळी जास्त जोरात येऊ शकतं.

काही गोष्टी अधल्यामधल्या असतात. रॅमिप्रिल या रक्तदाबाच्या गोळीने येणारा कोरडा खोकला साइड इफेक्टच. पण त्याच गोळीने ओठ-जीभ सुजली, तर नावाचा काथ्याकूट न करता हॉस्पिटल गाठायचं.

अ‍ॅमॉक्सिसिलिन या पेनिसिलिन गटातल्या अँटिबायोटिकने जुलाब झाले म्हणून 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' सांगणारे तर पुष्कळ. मग साधं, स्वस्त औषध कायमचं बाद होतं आणि विनाकारण भारी अँटिबायोटिक गळ्यात पडतं.

"ते मला सूट होत नाही" हे आपलं लाडकं वाक्य डॉक्टरांच्या फारसं कामाचं नाही. मेडिकलवाल्याला "ती पिवळी गोळी" म्हणणंही तसंच. स्ट्रिपवर ब्रँडच्या नावासोबत मूळ औषधाचं नाव असतं, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. कितव्या गोळीनंतर, किती वेळाने, काय झालं, कशाने थांबलं, एवढं सांगितलं की पुरे. औषधाचा त्रास भारत सरकारच्या 1800-180-3024 या टोल-फ्री नंबरवर आपल्यालाही कळवता येतो.

डॉक्टरांनी लाल ओळ खोडली आणि लिहिलं: 'डायक्लोफेनॅकने जळजळ. पुरळ, सूज, धाप नाही.' गोळी मात्र वयाकडे बघून पॅरासिटामॉलच दिली.