स्वप्नात जागेपणीची आठवण: सजग स्वप्नांच्या अभ्यासातील एका प्रश्नाची पार्श्वभूमी

स्वप्न चालू असताना ‘हे स्वप्न आहे’ असे कळणे ही एक गोष्ट झाली. आपण कोण आहोत, आपले शरीर कुठे झोपले आहे आणि झोपण्यापूर्वी आपण स्वप्नात काय करायचे ठरवले होते, हे त्याच वेळी आठवणे ही दुसरी. ल्युसिड ड्रीमिंग, म्हणजे सजग स्वप्ने पाहणे, या विषयावरील बहुतेक लेखनात या दोन्ही गोष्टी एकच मानल्या जातात. स्वप्न ओळखले की जागेपणीचा सगळा ‘मी’ आपोआप तेथे हजर होतो, अशी समजूत त्यामागे असते. प्रत्यक्षात अनेकांचा अनुभव निराळा असतो. महिनाभर मनाशी घोकलेले काम स्वप्न ओळखल्याच्या क्षणी पार पुसले जाते, माणूस आनंदाने उडत राहतो, आणि जाग आल्यावर त्याला आठवते की आपल्याला तर भलतेच काही करायचे होते. या विसरण्याकडे संशोधकांचे लक्ष कसे गेले, हे समजून घेतल्याशिवाय सजग स्वप्नांचा इतिहास पुरता कळत नाही, असे मला वाटते.

निद्रिस्त माणसाच्या मनात पुष्कळदा काहीतरी असे असते, जे समोर दिसणारे दृश्य केवळ स्वप्न असल्याचे सांगते, असे अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या स्वप्नविषयक निबंधात नोंदवले होते. आठवणीचा मुद्दा मात्र प्रथम ठसठशीतपणे येतो तो संत ऑगस्टीनने इ.स. 415 च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्रात. त्यात जेनेडियस नावाच्या वैद्याची दोन स्वप्ने सांगितली आहेत. पहिल्या रात्री एक तरुण त्याला एका नगरात नेतो. दुसऱ्या रात्री तोच तरुण पुन्हा येऊन ओळख विचारतो. आपली भेट कुठे झाली होती, आणि ती झोपेत की जागेपणी, असे तो विचारतो. ‘झोपेत,’ असे जेनेडियस उत्तर देतो. मग तरुण सांगतो की आत्ताही तू झोपेतच पाहतो आहेस, आणि लगेच विचारतो, ‘तुझे शरीर आत्ता कुठे आहे?’ जेनेडियस म्हणतो, ‘माझ्या बिछान्यात.’ तुझे डोळे तेथे मिटलेले आहेत, मग मला तू कोणत्या डोळ्यांनी पाहतोस, या पुढच्या प्रश्नावर तो निरुत्तर होतो. ऑगस्टीनला या कथेतून मरणोत्तर जीवनाविषयी सांगायचे होते. तरीही त्या तरुणाचे प्रश्न पाहावेत: आदली रात्र आठवते का, शरीर कुठे आहे ते आठवते का. दोन्ही प्रश्न स्मृतीचेच आहेत.

तिबेटी बौद्ध परंपरेतील स्वप्नयोगाने हाच धागा साधनेच्या अंगाने धरला. नारोपा या भारतीय बौद्ध सिद्धाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा योगांमध्ये त्याचा समावेश आहे. दिवसभर दिसणारे सर्व काही स्वप्नवत आहे हे मनावर बिंबवायचे, झोपण्यापूर्वी दृढ संकल्प करायचा आणि जागेपणी शिकलेली साधना स्वप्नात पुढे चालवायची, असा त्याचा क्रम आहे. स्वप्न ओळखणे हे येथे उद्दिष्ट नसून पुढच्या कामाची पूर्वअट आहे. संकल्प स्वप्नात पोचला नाही, तर नुसत्या ओळखण्याला या परंपरेत फारसे मोल नाही.

एकोणिसाव्या शतकात हर्वे द सां-देनी या फ्रेंच विद्वानाने वयाच्या चौदाव्या वर्षापासून स्वप्नांच्या नोंदी ठेवल्या आणि 1867 मध्ये स्वप्ने व ती वळवण्याचे मार्ग यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा अत्तराचा प्रयोग प्रसिद्ध आहे. एका डोंगराळ प्रदेशातील मुक्कामात त्याने रोज एकच अत्तर वापरले, नंतर काही महिने ती कुपी बंद ठेवली, आणि मग आपल्याला आधी न सांगता एखाद्या रात्री त्याचे थेंब उशीवर टाकण्यास नोकराला सांगितले. त्या रात्री त्याच्या स्वप्नात ते डोंगर आले. जागेपणीची आठवण बाहेरून धक्का देऊन स्वप्नात उतरवता येते, हे त्यातून दिसले. ती आतून, स्वतःच्या इच्छेने, बोलावता येते का, हा प्रश्न उरला.

त्याचे नेमके उत्तर डच मनोविकारतज्ज्ञ आणि लेखक फ्रेडरिक व्हॅन ईडन याच्या 1913 मधील निबंधात सापडते. ‘ल्युसिड ड्रीम’ ही संज्ञा रूढ झाली ती या निबंधामुळे. जानेवारी 1898 ते डिसेंबर 1912 या काळातील स्वतःच्या 352 सजग स्वप्नांचा हवाला त्याने दिला होता. त्याने केलेल्या वर्णनानुसार या स्वप्नांत मनाच्या शक्ती इतक्या पूर्णपणे पुन्हा एकत्र येतात, की झोपलेल्याला आपले दिवसाचे जीवन आणि आपली सध्याची अवस्था आठवते, तो लक्ष हवे तिकडे वळवू शकतो आणि स्वेच्छेने निरनिराळ्या कृती करून पाहू शकतो. या व्याख्येत स्मृतीचा उल्लेख इच्छेच्या आधी येतो, आणि पुढील शंभर वर्षांतील लोकप्रिय लेखनाने नेमका तोच भाग गाळला, ही मला या इतिहासातील मोठी हानी वाटते.

व्हॅन ईडन स्वप्नात काम घेऊन जाई. सप्टेंबर 1904 मधील एका स्वप्नात तो खिडकीजवळच्या टेबलापाशी उभा होता. आपण स्वप्नात आहोत हे त्याला ठाऊक होते, आणि आता कोणते प्रयोग करावेत याचा तो विचार करू लागला. प्रथम त्याने काच दगडाने फोडून पाहिली, ती फुटेना. मग टेबलावरचा मद्याचा पेला उचलून त्यावर मूठ मारली. पेला अखंड राहिला. थोड्या वेळाने पुन्हा पाहिले, तर तो फुटलेला होता. प्रवेशाची खूण चुकलेल्या नटासारखा पेला जरा उशिराने फुटला, असे त्याने लिहिले आहे. जागेपणी काच कशी फुटते याची आठवण शाबूत असल्याखेरीज हा उशीर कोणाच्या ध्यानातही आला नसता.

1953 मध्ये शिकागो विद्यापीठातील अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींची नोंद प्रसिद्ध केली. या हालचालींच्या झोपेला रेम झोप म्हणतात, आणि ठळक स्वप्ने बहुतांशी तिच्यातच पडतात. त्यानंतर सजग स्वप्ने खरोखर झोपेतच घडतात का, या वादाचा निकाल लावण्याचा मार्ग मोकळा झाला. 12 एप्रिल 1975 रोजी इंग्लंडमधील हल विद्यापीठात संशोधक कीथ हर्न यांच्या देखरेखीखाली सजग स्वप्ने पाहणारे अ‍ॅलन वर्स्ली यांनी आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून स्वप्नातून पहिली खूण नोंदवली. स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवले आणि 1981 मध्ये ते प्रसिद्ध केले. स्वप्नात डाव्या-उजव्या मुठी आवळून त्यांनी आपली आद्याक्षरे मोर्स लिपीत पाठवली होती. हे प्रयोग सहसा ‘झोपेतही जाणीव असते’ याचा पुरावा म्हणून सांगितले जातात. ते तसे आहेतच. परंतु वर्स्ली यांना स्वप्नात हेही आठवावे लागले, की आपण प्रयोगशाळेत आहोत, डोक्याला तारा जोडल्या आहेत, कोणीतरी कागदावरच्या रेषांकडे पाहत बसले आहे, आणि अमुक खूण करण्याचे ठरले आहे. ती प्रत्येक रेषा म्हणजे पाळलेला शब्द होती.

लाबर्ज यांनी हे चांगले ओळखले होते. सजग स्वप्न आणण्यासाठी 1980 मध्ये मांडलेल्या त्यांच्या ‘माइल्ड’ (MILD) पद्धतीचा पाया भावी स्मृती हाच आहे. वाटेत पत्र टाकायचे आहे हे योग्य वेळी आठवावे लागते, तेव्हा कामी येते ती ही स्मृती. रात्री स्वप्नातून जाग आली की ते स्वप्न आठवायचे, ‘पुढच्या वेळी स्वप्न पाहताना, मी स्वप्न पाहतो आहे हे मला आठवेल’ असा निश्चय करायचा, आणि त्याच स्वप्नात आपल्याला ते कळल्याचे चित्र मनात रंगवायचे. ज्याला दिवसा आरशात चेहरा दिसताच ठरलेली गोष्ट आठवत नाही, त्याला ती रात्री कशी आठवणार, या विचाराने त्यांनी पुढे दिवसाचेही सराव सुचवले.

जर्मनीत मानसशास्त्रज्ञ पॉल टोलाय यांनी याच सुमारास सजगतेचे घटक सुटे करून दाखवले. स्वप्न ओळखणे, निवडीचे स्वातंत्र्य जाणवणे आणि जागेपणीचे जीवन आठवणे यांना त्यांनी वेगवेगळे स्थान दिले. 1992 मध्ये डेड्रा बॅरेट यांनी प्रत्यक्ष वृत्तांत तपासले. स्वप्नातील माणसे खरी नाहीत, वस्तू खऱ्या नाहीत, भौतिक नियम पाळण्याची गरज नाही आणि जागेपणीची स्मृती शाबूत आहे, या चार गोष्टी त्यांनी पाहिल्या. चारही गोष्टी एकत्र आढळल्या त्या एक-चतुर्थांशापेक्षा कमी वृत्तांतांत. स्वप्न आहे हे ठाऊक असूनही माणूस स्वप्नातल्या दागिन्याची काळजी करतो किंवा स्वप्नातल्या मित्राला ‘उद्या याबद्दल बोलू’ असे सांगतो, ही विसंगती त्यानंतर अपवाद म्हणून बाजूला सारता येईना.

यामागील शारीरिक कारणांचा काही भाग 1990 च्या दशकातील मेंदूप्रतिमांतून उलगडला. रेम झोपेत कपाळामागील मेंदूच्या वरच्या-बाहेरच्या भागाचे काम मंदावते, आणि हेतू मनात धरून ठेवणे व योग्य वेळी वापरणे ही कामे पुष्कळशी याच भागावर अवलंबून असतात. शिवाय स्वप्नात जागेपणीचे तुकडे भरपूर असले, तरी जागेपणीचा प्रसंग जसाच्या तसा क्वचितच येतो. 2003 मधील एका अभ्यासात 299 स्वप्नवृत्तांतांपैकी केवळ 1 ते 2 टक्क्यांत तो आढळला. 2012 मध्ये ड्रेसलर आणि सहकाऱ्यांनी सजग स्वप्नाच्या वेळी याच भागासह मेंदूच्या इतर काही भागांत वाढलेली सक्रियता नोंदवली. तो पुरावा एकाच व्यक्तीच्या निरीक्षणांवर उभा होता, त्यामुळे त्यावर फार मोठे निष्कर्ष बांधू नयेत.

ध्येयांचा प्रश्न थेट विचारला गेला तो 2014 मध्ये स्टुम्ब्रिस आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत. 684 उत्तरदात्यांपैकी 571 जणांना सजग स्वप्नांचा अनुभव होता. ते स्वप्नात काय करायचे हे आधी ठरवतात, पण ते दर वेळी आठवत नाही, आणि आठवले तरी पार पडतेच असे नाही. मधेच जाग येते किंवा स्वप्नच आडवे येते. ज्यांना अशी स्वप्ने वारंवार पडतात, त्यांचा अनुभव इतरांहून निराळा होता. त्याच्या अगोदर, 2010 मध्ये, एर्लाखर आणि श्रेडल यांनी नाणे पेल्यात टाकण्याचा सराव स्वप्नात करण्याचे काम सहभागींना दिले होते. थोड्यांनाच ते जमले, पण ज्यांना जमले त्यांचा नेम सकाळी सुधारला होता.

2021 मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील प्रयोगशाळांनी 36 सहभागींबरोबरचे काम एकत्र प्रसिद्ध केले, आणि त्यात झोपलेल्या माणसाला प्रश्न विचारले गेले. आठातून सहा वजा केल्यावर किती, असे विचारताच एकाने स्वप्नातून डोळ्यांच्या खुणेने ‘दोन’ असे सांगितले. 158 प्रयत्नांपैकी 18.4 टक्क्यांत बरोबर उत्तर आले, 60.8 टक्क्यांत काहीच आले नाही. एका सहभागीला तो प्रश्न स्वप्नातल्या मोटारीच्या रेडिओवरून ऐकू आला होता. आणि काही जणांनी उत्तर अचूक दिले असूनही, जाग आल्यावर विचारलेले गणित त्यांना निराळेच आठवत होते.