महापुरात चुकणारी लस: पार्श्वभूमी

पूर आला की आरोग्य खात्याचं लक्ष लेप्टो (पुराच्या दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस), गॅस्ट्रो आणि पाण्याच्या क्लोरिनेशनकडे जातं, आणि ते रास्तच आहे. पण त्याच आठवड्यात उपकेंद्राचं लसीकरण सत्र रद्द होतं, त्याची बातमी होत नाही. साथ आली नाही म्हणजे निभावलं, हा हिशेब मला अपुरा वाटतो.

१९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम आला, १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण. ठरलेला वार, ठरलेली अंगणवाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात २ ते ८ अंशांवर ठेवलेल्या लशी, अशी ही घडी. रस्ता बुडाला की व्हॅक्सिन कॅरिअर, म्हणजे लशी नेण्याचा थंड डबा, अडतो. वीज गेली की लशी हलवायची धावपळ. कुपीवरचा, उष्णतेने गडद होत जाणारा छोटा चौकोन भोवतीच्या वर्तुळाइतका गडद झाला, की ती बाद. पण चौकोन उष्णताच ओळखतो. घाईघाईत थेट बर्फाला लागून ठेवलेली पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्रित लस) गोठून निकामी झाली, तरी तो काही बोलत नाही.

२००८ साली नेपाळमध्ये कोसीचा बांध फुटला आणि बिहारमध्ये पूर आला. त्या पूरपट्ट्यात पोलिओ आधीपासूनच ठाण मांडून होता. २००९ मध्ये बिहार आणि उत्तर प्रदेशातले १०७ जोखमीचे ब्लॉक निवडून पोलिओच्या थेंबांना नियमित लसीकरण, स्वच्छ पाणी, ओआरएस-झिंक यांची जोड दिली गेली.

आपल्याकडे २००५ च्या कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात ‘आशा’, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, गावात पोहोचल्याच नव्हत्या. त्यांना आणणारं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान त्याच वर्षीचं. २०१९ मध्ये शिरोळ, पलूस भागांत पाणी शिरलं, तेव्हा आशा होत्या, त्यांच्याकडे ड्यू लिस्टही, म्हणजे कुणाची कोणती लस बाकी याची यादीही, होती. पण यादी गावाची, आणि गाव कुठे? कुणी निवारा केंद्रात, कुणी माहेरी, कुणी पाहुण्यांकडे. घरासोबत माता-बाल संरक्षण कार्डही भिजलेलं. गरोदर बाईचा रक्तदाब, हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं, हे मग तिच्या आठवणीवरच. २०२१ च्या पुरात वर कोविड लसीकरणाचाही भार होता.

राहिलेले बरेच डोस नंतर देता येतात. पेंटाव्हॅलंट वर्षाच्या आत सुरू केली तरी चालते, मधे खंड पडला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. क्षयरोगावरच्या बीसीजीलाही वर्षाची मुदत आहे. मात्र हेपॅटायटिस-बीचा जन्मवेळचा डोस २४ तासांत आणि पोलिओचा शून्य डोस (जन्मानंतरचा पहिला) १५ दिवसांतच द्यायचा असतो. पाण्याने वेढलेल्या घरात बाळंतपण झालं, तर पहिली मुदत होडी येण्याआधीच संपलेली असू शकते.