लॉग केबिन, पोटमाळा आणि धूर: थोडी पार्श्वभूमी

छोटी लॉग केबिन बांधायची म्हटलं की बहुतेक जण कागदावर सगळ्यात आधी झोपायचा पोटमाळा काढतात, खाली एकच खोली, कोपऱ्यात शेगडी आणि वर जायला शिडी. पण ओंडक्यांची घरं जितकी जुनी आहेत तितकी ही रचना जुनी नाही. घरं शतकानुशतकं होती, चुलीच्या डोक्यावर आरामात झोपता येईल अशी जागा मात्र बरीच उशिरा मिळाली, आणि त्याचं कारण अगदी साधं, धूर.

ओंडके आडवे रचायचे, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवायचे, ही पद्धत इतकी जुनी आहे की रोमन वास्तुकार विट्रुवियसने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातच काळ्या समुद्राकाठच्या कोल्किसमधल्या अशा घरांबद्दल लिहून ठेवलंय, फटी लाकडाच्या ढलप्यांनी आणि चिखलाने बुजवलेल्या वगैरे. ती खरी रुजली आणि बहरली मात्र उत्तरेकडे, स्कँडिनेव्हिया, फिनलंड, रशियात, कारण तिथे पाइन आणि स्प्रूसची सरळसोट झाडं हवी तेवढी. त्यात एक अडचण जन्मजात आहे, ओंडका जेवढा लांब तेवढीच खोली. बुंध्याकडे जाड, शेंड्याकडे बारीक, म्हणून थर आलटूनपालटून लावावे लागतात आणि लांबी वाढवत गेलं की वजन माणसांच्या हाताबाहेर जातं. म्हणून साधी केबिन साधारण 16 ते 20 फुटांच्या आसपासच राहायची. आडवं वाढता येत नाही म्हटल्यावर उरतं काय तर वर जाणं.

पण वर धूर! फिनलंडमधल्या जुन्या धूरघरांत दगडी भट्टी असायची आणि धुराडं नसायचंच, धूर छताखाली जाड थरात साचायचा आणि झडपेतून हळूहळू बाहेर पडायचा. माणसं त्या थराच्या खाली वावरायची, डोळे चोळत. नॉर्वेत मध्ययुगापासून दुमजली ओंडक्यांच्या इमारती होत्या, वरच्या मजल्यावर लोक झोपायचेही, पण त्या इमारतीत चूल नसायची, म्हणजे झोप मिळायची पण ऊब नाही. रशियन घरात छताखाली फळ्यांचं मचाण असायचं, त्याला पोलाती म्हणतात, मोठ्या भट्टीच्या बाजूने पसरलेलं, आणि मुलं तिथे झोपायची. मला विचाराल तर आजच्या पोटमाळ्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक हाच.

अमेरिकेत ही कला नेली स्वीडिश आणि फिनिश लोकांनी, 1638 मध्ये डेलावेअर नदीकाठी न्यू स्वीडन वसाहत झाली तेव्हा. 1607 च्या जेम्सटाउनमधले किंवा 1620 च्या प्लायमथमधले इंग्रज लॉग केबिन बांधत नव्हते, चित्रांत कितीही दाखवलं तरी, त्यांना सांगाडा उभारून फळ्या ठोकायचीच सवय. पुढे जर्मन आणि स्कॉट्स-आयरिश लोकांनी ही पद्धत उचलली आणि ॲपलेशियन डोंगर ओलांडून पश्चिमेला नेली. आणि इथे धुराडं बहुतेक वेळा त्रिकोणी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला गेलं, त्यामुळे छताखालची जागा मोकळी झाली.

दगड नसले तर ते धुराडं चक्क काटक्या रचून आणि आतून चिखल लिंपून करायचे, म्हणजे आगीला आमंत्रणच. म्हणून काही ठिकाणी ते भिंतीपासून जरा बाहेर झुकवून खांबांचा टेकू द्यायचे, पेटलंच तर टेकू काढायचा की धुराडं घरापासून लांब पडतं. वरचा माळा म्हणजे आडव्या तुळया, त्यावर फळ्या, चढायला शिडी किंवा भिंतीत ठोकलेल्या खुंट्या. सगळ्यात वर मुलं झोपायची, कारण ऊब वर जाते, आणि छपराच्या फटींतून बर्फाचे कणही तिथेच यायचे. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला अब्राहम लिंकन लहानपणी इंडियानात असाच खुंट्यांवरून माळ्यावर चढायचा म्हणतात. त्याचा जन्म 1809 चा, आणि केंटकीत स्मारकात ठेवलेल्या 'जन्मघरा'चे ओंडके तपासले तर सगळ्यात जुनं लाकूडसुद्धा 1848 च्या आसपास तोडलेलं निघालं!

तोवर लॉग केबिन राजकारणातही गेली होती. 1840 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसनने ती निशाणीच करून टाकली, गडी स्वतः व्हर्जिनियातल्या विटांच्या हवेलीत जन्मलेला. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर सरकारी जमीन मिळायची पण त्यावर घर बांधून 5 वर्षं राहावं लागायचं, तेव्हा जिथे झाडं होती तिथे लोकांनी केबिन ठोकल्या. नंतर रेल्वे आली, करवतीच्या गिरण्या आल्या, खिळे स्वस्त झाले आणि गरिबांनी ओंडके सोडले. मग श्रीमंतांनी धरले: 1870 च्या दशकाअखेर न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत विल्यम ड्युरंटने उभारलेल्या ओंडक्यांच्या छावण्या, 1904 ला यलोस्टोन उद्यानातलं ओल्ड फेथफुल इन हे ओंडक्यांचं हॉटेल. 1970 च्या दशकात चेनसॉ हातात घेऊन हौशी लोक परत या कामाकडे वळले, विशेषतः कॅनडात, आणि तेव्हापासून पोटमाळा हा गरजेपेक्षा आवडीचा भाग झालाय.

जुनी एक गोष्ट मात्र सुटत नाही, ओलं लाकूड आटतं आणि भिंत बसते. ओल्या ओंडक्यांची आठ फुटी भिंत काही वर्षांत पाच-सहा इंचही खाली येऊ शकते. माळ्याखालचा उभा खांब काही तेवढा आटत नाही, मग तुळई मधे उचलली जाते आणि कडेला खाली जाते. म्हणून खांबाखाली स्क्रू जॅक, म्हणजे फिरवून उंची कमीजास्त करता येणारा टेकू, ठेवून तो थोडाथोडा उतरवतात आणि दारं-खिडक्यांवर मोकळी जागा सोडून ती पट्टीआड लपवतात.

आणि धूर परत आला तो नियमांत. अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या नमुना नियमावलीत 2018 च्या आवृत्तीत छोट्या घरांसाठी वेगळं परिशिष्ट जोडलं गेलं: 400 चौरस फुटांपर्यंतचं घर, त्यातला माळा किमान 35 चौरस फूट, कुठल्याही बाजूने 5 फुटांपेक्षा अरुंद नाही, उतरत्या छपराखाली 3 फुटांपेक्षा कमी उंचीचा भाग साधारणपणे मोजायचा नाही. शिवाय आग लागून धूर वर कोंडला तर माळ्यावरून थेट बाहेर पडायची वाट हवी, त्यासाठी छतातली खिडकी चालते. नकाशा काढताना ही खिडकी आधी ठरवा, तिची जागा चुकली की वासे, आढं, शिडी सगळंच परत हलवावं लागतं.