ठिबकच्या नळीत कार्बन आहे, मग तिच्यातून वीज का वाहत नाही?

दिंडोरी-निफाडकडच्या कुठल्याही द्राक्षबागेत वेलींच्या बुडाशी ठिबकची काळी नळी दिसते. तो काळा रंग शोभेचा नव्हे. उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिथिलीनच्या साखळ्या तुटतात, नळी कडक होऊन तडकते. म्हणून तिच्यात वजनाच्या साधारण २ ते ३ टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे कारखान्यात बनवलेली अतिबारीक काजळी, मिसळलेली असते. आता या काजळीतून वीज वाहते. तरीही नळीच्या तुकड्याला मल्टीमीटरचे प्रोब लावून मेगाओहमची रेंज निवडली, तरी पडद्यावर ‘ओएल’च येतं. रोध इतका मोठा की मीटरच्या आवाक्याबाहेर! याउलट अंबड-सातपूरच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत सर्किट बोर्ड ठेवायला जे वाहक जातीचे काळे ट्रे वापरतात, त्यांवर तोच मीटर आकडा दाखवतो. तिथेही प्लॅस्टिक आणि काजळीच. फक्त काजळी बरीच जास्त.

थोडी काजळी घातली तर थोडी वीज वाहावी, दुप्पट घातली तर दुप्पट, असा आपला अंदाज असतो. तसं होत नाही. काजळीचे कण एकमेकांपासून लांब आहेत तोवर काहीच घडत नाही. प्रमाण वाढता वाढता एका टप्प्याला कणांची या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग साखळी जुळते आणि वाहकता एकदम कित्येक लाख पटींनी उसळते. कणांनी एकमेकांना प्रत्यक्ष चिकटायचीही गरज नसते. मधलं प्लॅस्टिक काही नॅनोमीटरचंच असेल, तर इलेक्ट्रॉन पुंज-यांत्रिकीच्या नियमाने ते पार करतात. या टप्प्याला ‘पर्कोलेशन थ्रेशोल्ड’ म्हणतात आणि त्यामागचं गणित ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली यांनी १९५७ मध्ये मांडलं. साध्या काजळीला हा टप्पा गाठायला बऱ्याचदा १० टक्क्यांच्याही पुढे जावं लागतं. एवढी भर घातली की प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि साच्यात नीट वाहत नाही.

ग्राफीनचं महत्त्व इथे कळतं. ग्राफीन म्हणजे ग्रॅफाइटचा, पेन्सिलीतल्या शिशाचा, एकच अणू जाडीचा थर. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलॉव्ह यांनी २००४ मध्ये तो चक्क चिकटपट्टीने सोलून वेगळा केला; २०१० चं भौतिकीचं नोबेल त्यासाठीच. जाडी ०.३४ नॅनोमीटर, रुंदी मात्र त्याच्या हजारो पट. मूठभर मोहरी आणि तेवढ्याच वजनाचे पापड एकाच मापाच्या परातीत पसरून बघा: मोहरीचे दाणे सुटे राहतील, पापड एकमेकांवर चढतील. २००६ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने पॉलिस्टायरीनमध्ये ग्राफीनच्या चकत्या मिसळल्या, तेव्हा आकारमानाच्या अवघ्या ०.१ टक्क्याला साखळी जुळली. १ टक्क्याला वाहकता ०.१ सीमेन्स प्रति मीटरच्या आसपास गेली. मुळातल्या पॉलिस्टायरीनशी तुलना केली तर ही वाढ एकावर दहाहून जास्त शून्यं इतक्या पटींची. तांब्याशी केली तर मात्र हा आकडा सुमारे ६० कोटी पटींनी तोकडाच आहे. ‘आता तांब्याच्या तारा जाणार’ अशा बातम्या वाचल्या की मला म्हणूनच हसू येतं. स्थिर विद्युत निचरून टाकायला एवढी वाहकता पुरते, घरात वायरिंग करायला नाही.

उष्णतेची गोष्ट मात्र वेगळीच निघते आणि मला तीच जास्त रंजक वाटते. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या संशोधकांनी २००८ मध्ये ग्राफीनचा थर एका बारीक चरावर अधांतरी ताणला, त्यावर लेसर पाडला आणि परतलेल्या प्रकाशावरून तो किती तापला ते मोजलं. उष्णतावाहकता ५००० वॅट प्रति मीटर केल्विनच्या घरात भरली. तांब्याची सुमारे ४००, साध्या प्लॅस्टिकची ०.२. मग चिमूटभर ग्राफीनने प्लॅस्टिक उष्णतेच्या बाबतीतही धातूसारखं वागायला हवं. प्रत्यक्षात एखाद-दुसऱ्या टक्क्याने फरक पडतो तो जेमतेमच. त्याच रिव्हरसाइडच्या गटाने २०१२ मध्ये इपॉक्सी या रेझिनमध्ये आकारमानाच्या १० टक्के ग्राफीन घातलं, तेव्हा कुठे आकडा ५ पर्यंत पोचला. या क्षेत्रात ते मोठं यश, पण ५००० कुठे आणि ५ कुठे!

याची दोन कारणं. विजेच्या बाबतीत ग्राफीन आणि प्लॅस्टिक यांच्यातली दरी इतकी प्रचंड असते की प्रवाहाला चकत्यांची साखळी हीच एक वाट. उष्णतेत ती दरी पंचवीसेक हजार पटींचीच. प्लॅस्टिकमधूनही उष्णता हळूहळू का होईना झिरपतेच, त्यामुळे साखळी जुळली तरी अचानक उसळी येत नाही. दुसरं म्हणजे ग्राफीनमध्ये उष्णता मुख्यतः अणूंच्या जाळीच्या कंपनांतून पुढे सरकते. चकतीच्या कडेला ही कंपनं गुंतलेल्या, सैल प्लॅस्टिकच्या साखळ्यांना भिडतात, पण दोन्हींची लय जुळत नाही. बरीचशी कंपनं मागे फिरतात. इलेक्ट्रॉन जी फट सहज ओलांडतो तिथेच उष्णता अडते, आणि अशा फटी एका घन मिलिमीटरमध्ये असंख्य असतात.

स्विचगिअर (वीज जोडणारी-तोडणारी उपकरणं) आणि पॅनेल बनवणाऱ्यांची गरज तर याच्या नेमकी उलटी असते. त्यांना उष्णता बाहेर जायला हवी आणि वीज अजिबात नको. तिथे ग्राफीन घालणं म्हणजे आपणच शॉर्टसर्किटची सोय करणं. अशा ठिकाणी षट्कोनी बोरॉन नायट्राइड वापरतात. त्याची जाळी ग्राफीनसारखीच मधमाश्यांच्या पोळ्याची, रंग पांढरा, उष्णतेचा चांगला वाहक आणि विजेचा रोधक.

साच्यातही खोड्या असतात. वितळलेलं प्लॅस्टिक ज्या दिशेने वाहतं त्या दिशेने चकत्या आडव्या पडतात. मग त्याच वस्तूत लांबीच्या दिशेने वाहकता चांगली आणि जाडीच्या दिशेने कमी मिळते. चकत्या एकमेकींना चिकटून गठ्ठे झाले तर पातळपणाचा फायदाच संपतो. गठ्ठ्यांची अडचण तर ग्राफीनचं पोतं उघडायच्या आधीपासूनची असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत ६० उत्पादकांच्या ‘ग्राफीन’चे नमुने पाहिले गेले. बहुतेकांत खरं ग्राफीन १० टक्क्यांहूनही कमी होतं आणि उरलेलं बारीक दळलेलं ग्रॅफाइट. त्यामुळे मास्टरबॅच, म्हणजे आधीच भरपूर ग्राफीन मिसळलेले प्लॅस्टिकचे दाणे, विकत घेताना भावाआधी थरांची संख्या आणि चकत्यांची रुंदी विचारावी, आणि ती मोजल्याचा अहवाल मागून घ्यावा.