केळ्याची बदनामी आणि भरितातलं तेल

जळगाव जिल्ह्यात केळीचे मळे दाराशी, तरी पंचेचाळिशी ओलांडली की ‘वजन वाढतं’ म्हणून केळं बंद होतं. चहासोबत केळ्याचे वेफर्स मात्र चालतात. १०० ग्रॅम सोललेल्या केळ्यात साधारण ९० कॅलरी असतात आणि ७५ टक्के पाणी. तळताना हे पाणी उडतं, तेल शिरतं, आणि तेवढ्याच वजनाच्या वेफर्समध्ये ५००हून जास्त कॅलरी भरतात.

दर ग्रॅममागच्या या कॅलरींना ऊर्जाघनता म्हणतात. जठराला कॅलरी मोजता येत नाहीत. त्याची भिंत ताणली गेली की व्हेगस चेतातंतू मेंदूला कळवतो, म्हणून जेवण थांबवण्यात अन्नाच्या आकारमानाचा वाटा मोठा. मग जेवताना पाणी पिऊन पोट का भरू नये? पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात बार्बरा रोल्स यांच्या गटाने १९९९ मध्ये हेच तपासलं. सडपातळ स्त्रियांना जेवणाआधी कधी भात-चिकनचा पदार्थ दिला, कधी तोच पदार्थ आणि पेलाभर पाणी, तर कधी तेच पाणी घालून केलेलं सूप. त्यानंतरचं जेवण कमी झालं ते सूप प्यायल्यावरच. नुसतं पाणी जठरातून लवकर पुढे सरकतं. अन्नात मिसळलेलं रेंगाळतं. फळाचंही तसंच. दुसऱ्या एका प्रयोगात जेवणाआधी अख्खं सफरचंद खाल्लं तर सफरचंद धरूनही एकूण कॅलरी १५ टक्के कमी झाल्या. रस प्यायल्यावर तसा फरक पडला नाही.

रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, चरबी मांड्यांऐवजी पोटावर साठू लागते, स्नायूही कमी होतात. अमेरिकेत पंचेचाळिशीच्या पुढच्या, सुरुवातीला वजन बेताचं असलेल्या १८,१४६ स्त्रियांची सुमारे १६ वर्षं नोंद ठेवली गेली. जास्त फळं खाणाऱ्यांमध्ये वजन हाताबाहेर जाण्याचं प्रमाण कमी होतं. भाज्यांबाबत मात्र तसा संबंध दिसला नाही. अशा नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही. पण भाजी कशात शिजते, हे आपल्याकडे तरी बघायलाच हवं.

भरीतच घ्या. एक किलो वांग्यांत जेमतेम २५० कॅलरी. १०० ग्रॅम तेलाच्या ९००, १०० ग्रॅम शेंगदाण्यांच्या ५७०. चौघांत वाटलं तरी माणशी ४३०, आणि सोबतच्या कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या मिश्र पिठाच्या) पुऱ्या वेगळ्याच. तेल ३० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, आणि शेंगदाणे ५० ग्रॅम केले की आकडा २०० वर येतो. भरीत कोरडं होतं ही तक्रार खरी, पण त्याचं कारण बहुतेकदा फेकून दिलेला वांग्याचा रस असतो. काट्यांवर, म्हणजे वाळक्या काड्यांच्या जाळावर, भाजलेली वांगी पंधरा मिनिटं झाकून ठेवा आणि सुटलेला रस बडगीतच, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यातच, ओता. मिरच्या-लसूण तळण्याऐवजी भाजून ठेचा, कांद्याची पात दुप्पट घाला, फोडणी शेवटी द्या. पुरीऐवजी कळण्याची भाकरी करा.

केळं मात्र जेवणाआधी खायचं, आणि त्या बदल्यात अर्धी भाकरी कमी करायची. पोटभर जेवून वर खाल्लेल्या केळ्याच्या ९० कॅलरी जास्तीच्याच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्यातल्या पोटॅशियमबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.